रास्पबेरी पाय ४: इंटरप्ट कंट्रोलरचे रजिस्टर स्वतःच्या हाताने हलवायचे असतील तर

मी हा बोर्ड एकाच कामासाठी घेतला आणि रिव्ह्यूही तेवढ्यापुरताच लिहितेय. टीव्हीला लावून पिक्चर बघायला कसा आहे, घरच्या सर्व्हरला चालेल का, ते मी बघितलंच नाही. इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक, आणि त्या हाका सांभाळून पुढे देतो तो इंटरप्ट कंट्रोलर. मला त्याचा ड्रायव्हर शून्यापासून लिहायचा होता, खाली लिनक्स नाही, कुणाची लायब्ररी नाही, फक्त पत्ते आणि बिट्स, आणि त्यासाठी गेले चारेक महिने हा बोर्ड माझ्या टेबलावर आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे रिव्ह्यू कोणाच्या नजरेतून आहे ते कळेल. मी पुण्यात एम्बेडेडमध्ये काम करते, आत्तापर्यंत सगळं काम कॉर्टेक्स-एम वर, म्हणजे मायक्रोकंट्रोलरमधल्या छोट्या आर्म प्रोसेसरवर. तिथे इंटरप्ट म्हणजे एनव्हीआयसी (तिथला इंटरप्ट कंट्रोलर), आणि त्याची सवय लागली की माणूस लाडावतो, खरंच. ई०००ई१०० (इथले सगळे पत्ते आणि ऑफसेट हेक्समध्ये) पासूनच्या रजिस्टरमध्ये एक बिट लिहिला की इंटरप्ट चालू, आला की हार्डवेअर स्वतःच आठ रजिस्टर स्टॅकवर टाकतं, व्हेक्टर टेबलमधून हँडलरचा पत्ता उचलतं आणि थेट तुमच्या फंक्शनमध्ये नेऊन सोडतं. कोण आलं, कुठून आलं हे विचारावंच लागत नाही. आता टीममध्ये कॉर्टेक्स-ए चं, म्हणजे मोठ्या आर्म प्रोसेसरचं काम आलं आणि तिथे ही सोय नाही. सगळ्या इंटरप्टसाठी प्रोसेसरला एकच दार, दारावर टकटक झाली की आपण उठून कंट्रोलरला विचारायचं की बाबा कोण आलंय, काम करायचं, आणि काम झालं हे परत त्यालाच सांगायचं. हे वाचून मला समजलंय असं वाटत होतं. बोर्ड हातात आल्यावर कळलं की नव्हतं.

पाय ४ का, तर जीआयसी-४०० या इंटरप्ट कंट्रोलरसाठी. पाय ३ मध्ये ब्रॉडकॉमचा स्वतःचा जुना इंटरप्ट कंट्रोलर आहे, ३एफ००बी२०० च्या आसपासचे ते पेंडिंग आणि इनेबल रजिस्टर, शिवाय कोअर-कोअरसाठी वेगळा लोकल कंट्रोलर ४००००००० ला. सोपा आहे, पण तो शिकून रास्पबेरीच्या बाहेर फारसा उपयोग नाही. २०१९ च्या जूनमध्ये पाय ४ आला तेव्हा बीसीएम२७११ मध्ये आर्मचा जीआयसी-४०० बसवला, आणि हाच जीआयसी ऑलविनरच्या एच३, ए६४ मध्ये आहे, अ‍ॅमलॉजिकच्या एस९०५ मध्ये आहे, अजून कितीतरी चिपमध्ये आहे. म्हणजे इथे लिहिलेला ड्रायव्हर बेस अ‍ॅड्रेस आणि इंटरप्टचे नंबर बदलले की दुसरीकडेही चालतो. शिकायला घेतलेल्या वस्तूकडून मला तरी यापेक्षा जास्त काही नको होतं.

मी २ जीबीवाला घेतला, सेकंडहँड. या कामाला १ जीबी सुद्धा डोक्यावरून पाणी आहे, माझी अख्खी kernel8.img ४० केबी पण नाही, हो, त्या फाइलचं नाव तसंच ठेवलं की बूटलोडर ती आपणहून उचलतो. सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, अगदी सुरुवातीच्या १.१ रिव्हिजनच्या बोर्डांना यूएसबी-सी च्या वायरिंगमध्ये चूक होती, काही ई-मार्क्ड केबल लावल्या तर बोर्ड चालूच होत नसे. १.२ मध्ये ती दुरुस्त केली. माझा १.२ आहे, काही त्रास नाही. बाकी एक एसडी कार्ड आणि ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल, बस. पिन ६ ला ग्राउंड, ८ ला बोर्डचा टीएक्स, १० ला आरएक्स. पाच व्होल्टची केबल चुकूनही लावू नका, त्या पिना पाच व्होल्ट सहन करत नाहीत.

आता रजिस्टर. पहिली दोन संध्याकाळ फक्त पत्त्यांमध्ये गेल्या. या चिपमध्ये एकाच पेरिफेरलला (प्रोसेसरला जोडलेलं डिव्हाइस) तीन पत्ते आहेत. कागदपत्रांत ७ई०००००० पासून सुरू होणारे पत्ते छापलेत, ते बसचे. प्रोसेसर जेव्हा लो पेरिफेरल मोडमध्ये असतो, आणि बूट झाल्यावर असतोच, तेव्हा तीच गोष्ट एफई०००००० ला दिसते. आणि पूर्ण ३५ बिटांच्या मॅपमध्ये अजून तिसरीकडे. यूएआरटी, म्हणजे सिरियल पोर्ट, कागदावर ७ई२०१००० ला आणि माझ्या कोडमध्ये एफई२०१००० ला. जीआयसी त्याहून वेगळा बसलाय, डिस्ट्रिब्यूटर (कुठला इंटरप्ट कुठल्या कोअरला ते वाटणारा भाग) एफएफ८४१००० ला आणि सीपीयू इंटरफेस (प्रत्येक कोअरशी बोलणारा भाग) एफएफ८४२००० ला. हे एकदा कागदावर चित्र काढून भिंतीला लावलं की संपतं, पण ते चित्र आयतं कुणी देत नाही.

मग नंबरांचा घोळ. पीएल०११, म्हणजे याच यूएआरटीचा इंटरप्ट कागदावर ५७. पण हा ५७ व्हिडिओकोअरच्या (चिपमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरच्या) यादीतला, जीआयसीमध्ये ती यादी ९६ पासून सुरू होते, म्हणून खरा आयडी १५३. आणि लिनक्सच्या डिव्हाइस ट्री मध्ये (हार्डवेअरचं वर्णन असलेली फाइल) बघाल तर तिथे १२१ लिहिलंय, कारण तिथे पहिले ३२ वजा करून लिहायची पद्धत, त्या ३२ मध्ये १६ एसजीआय (एका कोअरने दुसऱ्याला पाठवायचे) आणि १६ पीपीआय (प्रत्येक कोअरचे खाजगी). तिन्ही आकडे बरोबर आहेत, तिन्ही एकाच वायरचे आहेत, आणि रात्री अकरा वाजता हे तिन्ही समोर असले की डोकं फिरतं.

१५३ एकदा हातात आला की पुढचं गणित मात्र मला फार आवडलं. इनेबल करायचं तर ३२ ने भागा, भागाकार ४, बाकी २५, म्हणजे आयएसईनेबलर (चालू करायचं रजिस्टर) चा शून्यापासून मोजून चौथा शब्द, बिट २५, ऑफसेट हेक्स ११०. प्रायॉरिटीला प्रत्येकी एक बाइट, म्हणून हेक्समध्ये ४०० अधिक ९९ (१५३ म्हणजे हेक्स ९९), ऑफसेट ४९९. टार्गेटलाही एक बाइट, ८९९. हे दोन बाइटने लिहिलेले चालतात, बाकीच्या बहुतेक रजिस्टरना पूर्ण ३२ बिटांचाच अ‍ॅक्सेस हवा.

आणि इनेबल-डिसेबलची जी रचना आहे ती बघून डिझाइन करणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. चालू करायला वेगळं रजिस्टर, बंद करायला वेगळं. एक लिहिला तर परिणाम होतो, शून्य लिहिला तर काहीच होत नाही. म्हणजे आधी वाचा, बिट बदला, परत लिहा हा प्रकारच नाही. चार कोअर एकाच वेळी चार वेगळे इंटरप्ट चालू-बंद करत असले तरी एकाचं दुसऱ्यावर सांडत नाही, त्या एका कामाला लॉक लागत नाही. मी सवयीने आधी ऑर-इक्वल लिहिलं होतं. सेटवाल्या बाजूला ते निभावून जातं कारण आधीचेच एक पुन्हा लिहिले जातात. पण आयसीईनेबलर (बंद करायचं रजिस्टर) वर तेच केलं आणि सगळंच बंद पडलं, कारण ते रजिस्टर वाचलं की सध्या चालू असलेले सगळे बिट एक दिसतात, आणि ते एक परत लिहिले की सगळे बंद होतात. सरळ फक्त आपला बिट लिहायचा, विषय संपला.

पहिल्या रात्री इंटरप्ट आलाच नाही. सेट-पेंडिंगचं रजिस्टर वाचलं तर २५ वा बिट उभा, म्हणजे यूएआरटीने हाक मारलेली, डिस्ट्रिब्यूटरला ऐकूही आलेली, पण प्रोसेसरपर्यंत काही नाही. कारण टार्गेटचा बाइट शून्य होता. कुठल्या कोअरला द्यायचं हे मी सांगितलंच नव्हतं, मग तो पोस्टात पडून राहिलेल्या पत्रासारखा पेंडिंगच राहिला. एनव्हीआयसीमध्ये कोअर एकच, त्यामुळे हा प्रश्न कधी डोक्यात आलाच नव्हता. गंमत म्हणजे आपण स्वतः कुठल्या कोअरवर आहोत हे पण टार्गेटच्या पहिल्या आठ शब्दांतून वाचता येतं, ते प्रत्येक कोअरला वेगळे दिसतात आणि त्यात त्याचाच मास्क असतो, लिनक्सचा ड्रायव्हर पण तिथूनच उचलतो.

ते लावल्यावर इंटरप्ट आला, पण बऱ्याच कीज दाबल्यावर एकदम. मोजक्या दाबल्या तर शांत. इथे जीआयसीचा दोष नाही, पीएल०११ ची फिफो (आलेली अक्षरं थांबायची रांग) अर्धी भरल्याशिवाय आरएक्सचा इंटरप्ट येत नाही, त्याच्या आत आलेल्या अक्षरांसाठी टाइमआउटचा वेगळा बिट ६ चालू करावा लागतो. बिट ४ आणि ६ दोन्ही लावा.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले तो. सगळं चालू होतं, की दाबली की अक्षर स्क्रीनवर. मी एक डंप फंक्शन लिहिलं, सीपीयू इंटरफेसच्या पहिल्या बाराएक ऑफसेट लूपमध्ये वाचायच्या आणि सिरियलवर छापायच्या, एनव्हीआयसीच्या दिवसांपासूनची सवय, काही अडलं की सगळे रजिस्टर छापून बघायचे. तो डंप घातल्यापासून यूएआरटी मधूनच मरायला लागला. कधी दहा मिनिटं चालायचा, कधी पहिल्याच डंपनंतर गप्प. तीन संध्याकाळ मी यूएआरटीचा कोड उसवत होते, बॉड रेट तपासला, केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, फिफो बंद करून बघितली. शेवटी ऑफिसमधल्या एका सीनियरना फोन केला तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, आयएआर हँडलरच्या बाहेर कुठे वाचतेयस का?" मी म्हटलं, "नाही हो, फक्त डंपमध्ये छापते." दोन सेकंद दोघंही गप्प.

आयएआर, ऑफसेट सी. हे रजिस्टर वाचणं म्हणजे नुसतं बघणं नसतं, वाचणं म्हणजेच इंटरप्ट स्वीकारणं. वाचलं त्या क्षणी तो इंटरप्ट पेंडिंगमधून अ‍ॅक्टिव्ह होतो, प्रोसेसरची रनिंग प्रायॉरिटी त्याच्या पातळीला चढते, आणि तोच आयडी ईओआयआर (काम झालं, म्हणजे ईओआय, सांगायचं रजिस्टर) मध्ये परत लिहीपर्यंत त्या पातळीचा किंवा त्याच्या खालचा कुठलाही इंटरप्ट तो कंट्रोलर पुढे देत नाही. माझा डंप इंटरप्ट मास्क करून चालायचा, त्या वेळात कुणी की दाबली असेल तर डंपनेच तो इंटरप्ट उचलला, छापला, आणि ईओआय कुणीच लिहिला नाही. जुने लॉग उघडून बघितले तर सीच्या ओळीत बहुतेक वेळा ३एफएफ, म्हणजे १०२३, कुणी नाहीये. आणि ज्या डंपनंतर बोर्ड मेला त्या प्रत्येक डंपमध्ये तिथे ९९. हेक्स ९९ म्हणजे १५३. उत्तर तीन दिवस माझ्या डोळ्यासमोर छापलेलं होतं आणि मी त्याला रजिस्टरची व्हॅल्यू समजून पुढे जात होते.

नंतर मुद्दाम परत तसंच करून खात्री केली. मेलेल्या अवस्थेत आरपीआर (रनिंग प्रायॉरिटीचं रजिस्टर) वाचलं, निवांत असेल तेव्हा तिथे एफएफ दिसतं, आता ए० दिसत होतं, जी प्रायॉरिटी मी दिली होती तीच. आणि डिस्ट्रिब्यूटरच्या अ‍ॅक्टिव्ह रजिस्टरमध्ये २५ वा बिट उभा. हाताने ईओआयआर मध्ये १५३ लिहिलं आणि बोर्ड जिवंत झाला, अडकलेली अक्षरं धडाधड बाहेर. त्या क्षणी मला जे समजलं ते कुठल्याही स्लाइडवरून समजलं नसतं. तुम्हाला नुसतं डोकवायचंच असेल तर त्यासाठी एचपीपीआयआर आहे, ऑफसेट १८, पुढे कोण उभं आहे ते सांगतं पण त्याला आत घेत नाही. डीबगरची मेमरी विंडो उघडी ठेवून बसायची सवय असेल तर तीही त्या पत्त्यावरून हलवा, डीबगरचं वाचणंही वाचणंच असतं.

हा अनुभव इम्युलेटरवर पण मिळाला असता, हे मान्य. क्यूईएमयू ९.० पासून रासपी४बी मशीन आहे आणि त्यात जीआयसी बऱ्यापैकी इमानदारीने वागतो, पैसे नसतील तर तिथून सुरुवात करा, मी पण कोड आधी तिथेच चालवते. पण पुढची गोष्ट तिथे भेटली नाही. हँडलरमध्ये यूएआरटीचा इंटरप्ट क्लिअर करायचा आणि मग ईओआय लिहायचा, क्रम कोडमध्ये बरोबर होता. पण दोन लिखाणं दोन वेगळ्या डिव्हाइसला जातात, आणि यूएआरटीपर्यंत पहिलं पोचायच्या आत जीआयसीला ईओआय मिळाला तर वायर अजून वरच असते, लेव्हल इंटरप्ट असल्यामुळे तो लगेच परत येतो, आपण आत जातो तर करायला काहीच नाही. खऱ्या बोर्डवर माझा काउंटर मधूनमधून एकने जास्त दिसायचा. मध्ये एक डीएसबी (आधीची लिखाणं पूर्ण होईपर्यंत थांबवणारा बॅरियर) टाकला आणि यूएआरटीचं रजिस्टर एकदा परत वाचून घेतलं, काउंटर जुळला. क्यूईएमयूवर डीएसबी असो नसो, आकडा कायम बरोबर, म्हणून तिथे ही चूक कधी कळलीच नसती.

कंपायलरबद्दल थोडक्यात. पॉइंटरला व्होलाटाइल लावा (म्हणजे कंपायलर रजिस्टरचं वाचणं-लिहिणं गाळत नाही), किंवा त्याहून बरं म्हणजे लिनक्ससारखी वाचायची-लिहायची छोटी फंक्शनं करा आणि रजिस्टरला बाकी कुठूनही हात लावू नका. लिनक्सचा जीआयसी ड्रायव्हर उघडून बघा, आयएआर तिथे रीडएल-रिलॅक्स्ड ने वाचतात, म्हणजे अ‍ॅक्सेस ३२ बिटांचाच होईल, एकाच डिव्हाइसचे अ‍ॅक्सेस आपापसात क्रमाने होतील, पण साध्या मेमरीबरोबरच्या क्रमासाठीचा महागडा बॅरियर दर वेळी नको. बॅरियर कुठे हवा ते ठरवून तिथेच टाकलाय. आधी मला वाटायचं रिलॅक्स्ड म्हणजे काहीतरी ढिलं, आता ते वाचताना माणसाने विचार करून लिहिलंय हे दिसतं. एमएमयू (मेमरीचे पत्ते मॅप करणारं हार्डवेअर) चालू करणार असाल तर ही पानं डिव्हाइस मेमरी म्हणूनच मॅप करा. आणि एमएमयू बंद असताना सगळी मेमरी डिव्हाइससारखीच वागते, तेव्हा अनअलाइन्ड अ‍ॅक्सेस झाला की फॉल्ट, जीसीसीला स्ट्रिक्ट-अलाइन सांगून ठेवा.

न आवडलेल्या गोष्टी पण आहेत. माहिती तुकड्यातुकड्यात आहे, इंटरप्टचे नंबर बीसीएम२७११ च्या पीडीएफमध्ये, जीआयसीचे रजिस्टर आर्मच्या कागदपत्रांत, आणि बूट होताना नक्की काय सेट होतं ते आर्मस्टबच्या (बूट होताना आधी चालणारा छोटा कोड) असेंब्लीत. ते तिसरं वाचाच. कारण आर्मस्टब तुमचा कोड सुरू व्हायच्या आधीच सगळे इंटरप्ट ग्रुप १ मध्ये टाकून ठेवतो आणि प्रायॉरिटी मास्कमध्ये, म्हणजे पीएमआर मध्ये, एफएफ लिहून दार उघडं ठेवतो. त्यामुळे पाय वर पीएमआर न लिहिताही कोड चालतो, आणि तोच कोड दुसऱ्या बोर्डवर नेला की पूर्ण शांतता, कारण रिसेटनंतर पीएमआर शून्य असतो आणि शून्य म्हणजे कुणालाच आत सोडू नका. आपल्या ड्रायव्हरमध्ये पीएमआर स्वतः लिहा, इथे गरज नसली तरी. सिक्युअर बाजूचे ग्रुप रजिस्टर हलवून बघायचे असतील तर स्वतःचा आर्मस्टब लिहावा लागतो, तो मी अजून केलेला नाही.

दुसरं म्हणजे शेअर केलेल्या लाइन. यूएआरटी ०, २, ३, ४, ५ सगळ्यांचा मिळून तोच एक १५३. आयएआर ने १५३ सांगितलं तरी त्यातला नक्की कोण हे वेगळ्या स्टेटस रजिस्टरमधून शोधावं लागतं. शिकायला चांगलं आहे, पण प्रॉडक्टमध्ये तीन यूएआरटी वापरायचा विचार असेल तर आधी हे बघा.

जेटॅगला (डीबगर जोडायची सोय) वेगळा कनेक्टर नाही, जीपीआयओ २२ ते २७ वरून काढावा लागतो, कॉन्फिगमध्ये एक ओळ टाकून. आणि एसडी कार्ड काढ-घाल करून हात दुखतात, पहिल्या आठवड्यातच सिरियलवरून इमेज लोड करणारा छोटा लोडर लिहून घ्या, मी तो तिसऱ्या महिन्यात लिहिला.

पाय ५ घ्यावा का असं दोघातिघांनी विचारलं. त्यातही जीआयसी-४०० च आहे, पण जीपीआयओ वगैरे पेरिफेरल आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमध्ये गेलेत आणि ती पीसीआय एक्सप्रेसच्या पलीकडे बसते. म्हणजे एका बटणाचा इंटरप्ट बघायला आधी पीसीआय एक्सप्रेस उभं करा, मग एमएसआय (वायरऐवजी मेसेजने येणारे इंटरप्ट) समजून घ्या. जीआयसी शिकून झाल्यावर तो रस्ता मजेचा असेल, पहिल्या दिवशी नको.

या एका कामासाठी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो कागदपत्रांच्या तीन तुकड्यांसाठी. सध्या माझं एसजीआय चालू आहे, कोअर ० वरून एफ०० ऑफसेटला एक शब्द लिहायचा आणि कोअर १ झोपेतून उठून एलईडी लावतो. दोन कोअर झाले, तिसरा अजून उठत नाहीये, बहुतेक त्याच्या बाजूचा सीपीयू इंटरफेस मी चालू केलेला नाही, कारण ते रजिस्टर प्रत्येक कोअरचं आपापलं असतं आणि ते त्या कोअरवरूनच लिहावं लागतं. आज रात्री बघते.